पदवी, हुद्दा आणि सनद

नागपूरहून रायपूरकडे जाणारी आगगाडी दुर्ग स्थानक सोडून पुढे निघाली, की थोड्याच वेळात धुराड्यांची एक लांबलचक रांग दिसू लागते. हे भिलाई. ज्या दिवशी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात येथील पोलादाच्या कारखान्याचा करार झाला, त्या दिवशी, म्हणजे २ फेब्रुवारी १९५५ रोजी, या प्रदेशाचा कारभार नागपूरहून चालत होता. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ आणि छत्तीसगड यांच्या वाटा निराळ्या झाल्या, आणि २००० साली छत्तीसगडचे स्वतंत्र राज्य झाले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून भारतीय रेल्वेच्या रुळांचा फार मोठा भाग या कारखान्यातून आलेला आहे. मुंबईहून हावड्याला जाणारा प्रवासी भिलाईच्या नुसत्या शेजारून जात नाही. बहुतेक वेळा तो भिलाईच्या पोलादावरूनच जात असतो.

अशा या नगरात कोणाही गृहस्थाला, "आपण काय करता?" असे विचारले, तर उत्तर बहुधा हुद्द्याच्या रूपाने मिळते. कोणी सहायक व्यवस्थापक असतो, कोणी उपमहाव्यवस्थापक, कोणी रसायनज्ञ. अधिक चौकशी केली तर पदवी कळते, महाविद्यालय कळते. येथे बहुतेकांची जिज्ञासा संपते, आणि तसे पाहिले तर त्यात वावगे काही नाही. परंतु पदवी आणि हुद्दा या दोहोंच्या पलीकडे तिसरी एक गोष्ट आहे. ती म्हणजे समाजाने ठेवलेल्या पटावर त्या माणसाचे नाव आहे की नाही. पदवी त्याने काय शिकले ते सांगते. हुद्दा त्याला पगार कोण देतो ते सांगतो. त्याने केलेल्या कामाबद्दल लोकांनी जाब कोणाला विचारायचा, आणि त्याचा काम करण्याचा अधिकार कोण काढून घेऊ शकतो, हे सांगणारा पट आपल्या देशात बहुतेक अभियंत्यांसाठी आणि शास्त्रज्ञांसाठी अस्तित्वातच नाही.

मराठीत या अधिकाराला फार जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. तो म्हणजे सनद. पेशवाईत आणि नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातही सनद म्हणजे राजसत्तेने दिलेला लेखी अधिकार. तिच्यात हक्क लिहिलेला असे तशी अटही असे, आणि अट मोडल्यास सनद परत घेतली जाई. वकिलाच्या बाबतीत हा शब्द आजही जिवंत आहे. वकील झालेल्या मुलाला सनद मिळाली असे आपण म्हणतो, कायद्याची पदवी मिळाली एवढ्यावर थांबत नाही. आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्याची सनद रद्द होते हेही सर्वांना ठाऊक असते. मुंबई इलाख्यात डॉक्टरांचा पट १९१२ च्या कायद्याने सुरू झाला. हिशेबनिसांपैकी सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा, वकिलांचा १९६१ चा, वास्तुशिल्पज्ञांचा १९७२ चा. घराचा आराखडा काढणाऱ्या वास्तुशिल्पज्ञाला देशव्यापी नोंदणी आवश्यक ठरली. त्याच घराचे खांब आणि तुळया किती जाड असाव्यात हे ठरवणाऱ्या अभियंत्याला तशी नोंदणी नाही. मोठ्या शहरांतील नगरपालिका व महानगरपालिका आपापल्या हद्दीपुरते परवाने देतात, एवढेच. छप्पर कोसळले तर रहिवाशाच्या डोक्यावर आराखडा पडत नाही, तुळई पडते, ही साधी गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून कशी सुटली याचे नवल वाटते.

ती सुटण्याला इतिहास आहे. भारतात अभियंता जन्माला आला तो सरकारी नोकर म्हणून. रुडकीचे महाविद्यालय १८४७ चे, पुण्याची अभियांत्रिकी शाळा १८५४ ची. दोन्हींचा उद्देश सार्वजनिक बांधकाम खात्याला माणसे पुरवण्याचा. पुण्यात शिकलेल्या विद्यार्थ्याला मुंबई विद्यापीठाकडून मिळणाऱ्या पदवीचे नावच मोठे बोलके होते. एल. सी. ई. म्हणजे 'लायसेन्शिएट', अर्थात स्थापत्यकामाचा परवाना मिळालेला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी हीच परीक्षा १८८३ साली पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण केली आणि ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात दाखल झाले. पदवी, परवाना आणि नोकरी या तिन्ही गोष्टी त्या काळी एकाच दारातून मिळत. धरण सरकारचे, पूल सरकारचा, अभियंताही सरकारचाच. मग निराळा पट कशाला हवा? स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक क्षेत्रातील मोठे कारखाने उभे राहिले तेव्हा हीच वृत्ती त्यांच्यात उतरली. भिलाईला आलेल्या सोव्हिएत तज्ज्ञांच्या देशातही अभियंत्याची ओळख त्याच्या कारखान्यावरून आणि पदावरूनच होत असे. कारखान्याची पत हीच अभियंत्याची पत, असे समीकरण बसले. कारखाना एकच असेपर्यंत ते पुष्कळसे खरेही होते.

तथापि या सरसकट चित्राला भिलाईतच ठळक अपवाद आहेत. कारखान्याला लागणारे लोखंडाचे धातुक दल्ली-राजहरा येथील खाणींतून येते. खाणीचा व्यवस्थापक होण्यास खाणशास्त्राची पदवी पुरत नाही. १९५२ च्या खाण कायद्यानुसार केलेल्या नियमांनी त्यासाठी सक्षमतेचे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. धनबाद येथील खाणसुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा त्यासाठी द्यावी लागते, प्रत्यक्ष खाणीतील अनुभव दाखवावा लागतो, आणि ठपका सिद्ध झाला तर प्रमाणपत्र स्थगित किंवा रद्द होऊ शकते. बॉयलरचेही तसेच. तो चालवणाऱ्या अटेंडंटपाशी प्रमाणपत्र असावे लागते, मोठ्या बॉयलरवर देखरेख करणाऱ्या अभियंत्याला प्रावीण्याची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि बॉयलरच्या नळ्या जोडणाऱ्या वेल्डरचीही वेगळी कसोटी घेतात. १९२३ च्या कायद्याने ही व्यवस्था देशभर बसवली. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. तिचे मूळ मात्र आणखी मागे, १८६३ साली कलकत्त्यात झालेल्या बॉयलरच्या भीषण स्फोटात आहे. त्या स्फोटानंतर पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा झाला. म्हणजे जेथे माणसे डोळ्यांदेखत मेली, तेथे सनद आली. राजहऱ्याच्या खाणीत सनदी व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली निघालेला दगड आगगाडीत बसून भिलाईला येतो आणि झोतभट्टीच्या तोंडाशी पोचतो. त्या भट्टीवर मात्र तशा सनदेची अट थांबलेली असते.

झोतभट्टीतून निघणारा वायू ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. त्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग कार्बन मोनॉक्साइडचा असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने तो रक्तातील तांबड्या द्रव्याला चिकटतो, आणि माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता कोसळतो. हाच वायू जळण म्हणून उपयोगी असल्यामुळे तो फेकून न देता पाण्याच्या फवाऱ्यांनी धुऊन, धूळ काढून, नळांनी कारखान्यात फिरवतात. १२ जून २०१४ रोजी भिलाईत पंपघरातील बिघाडामुळे या धुण्याच्या संयंत्राकडे जाणाऱ्या पाण्याचा दाब घटला, आणि वायू पाण्याच्याच नळातून उलटा फिरून पंपघरात शिरला. सहा माणसे दगावली. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. पुढे ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोकभट्टीच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असता भडका उडून दहाहून अधिक माणसांचा बळी गेला.

या अपघातांचे कारण नोंदणीचा अभाव हे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१४ च्या मृतांत वर्षानुवर्षे भट्टीच्या सहवासात काढलेले जाणते अधिकारी होते, आणि मृत्यू त्यांना धोक्याच्या जागीच गाठू शकला, कार्यालयातील खुर्चीवर नव्हे, हेही विसरता कामा नये. परंतु योगायोग असा, की या दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, १३ जून २०१४ रोजी, भारताला 'वॉशिंग्टन करारा'चे पूर्ण सदस्यत्व मिळाले. या करारान्वये एका सदस्य देशात रीतसर मान्यता मिळालेला अभियांत्रिकीचा पदवी-अभ्यासक्रम इतर सदस्य देशही आपल्या अभ्यासक्रमाच्या तोडीचा मानतात. गोष्ट अभिमानाची खरी. पण हा करार पदवीपुरताच आहे. पदवीनंतर किती वर्षे कोणाच्या हाताखाली काम केले, कोणत्या यंत्रणेची जबाबदारी स्वतः पेलली, आणि वीस वर्षांपूर्वी शिकलेले ज्ञान आज ताजे आहे की शिळे झाले आहे, याचा हिशेब त्यात नाही. तो हिशेब नोंदणीचा असतो, आणि ज्या देशांनी हा करार प्रथम केला त्यांपैकी बहुतेकांपाशी तसा पट या ना त्या स्वरूपात आधीपासून होता. आपण जिन्याची पहिली पायरी बांधली आणि माडी झाली असे समजलो.

वासहीन वायूचीच आणखी एक कहाणी येथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी तेलाच्या संपत्तीवर एक भव्य शाळा उभी राहिली होती. तिला ऊब देण्यासाठी तेलविहिरींतून वाया जाणाऱ्या वायूची नळी जोडून घेतली होती. १८ मार्च १९३७ रोजी, शाळा सुटण्याच्या सुमारास, जमिनीखालच्या पोकळीत साठलेल्या या वायूचा स्फोट झाला आणि तीनशेच्या आसपास मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. वायूला वास नव्हता, म्हणून गळती कोणाला कळली नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासच्या विधिमंडळाने वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती केली, आणि त्याचबरोबर अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा संमत केला. वायूला वास दिला आणि अभियंत्याला नाव दिले. दोन्हींचा हेतू एकच होता. धोका ओळखता यावा, आणि तो ओळखण्याची जबाबदारी कोणावर आहे हेही आधी ठरलेले असावे.

नोंदणीचे खरे मोल मात्र अपघातानंतरच्या चौकशीत शोधू नये. ते अपघाताच्या आधी, एखाद्या बैठकीत, एखाद्या सहीच्या वेळी दिसते. महाराष्ट्राला यासाठी दूर जावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि पुण्याची नदीकाठची वस्ती वाहून गेली. मातीच्या त्या धरणाचे काम, विशेषतः पाणी सोडण्याच्या मोरीचे काम, सर्वांगी पुरे झाले नसताना त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले होते. चौकशी आयोग बसले, अहवाल झाले, वादही पुष्कळ झाला. पण प्रश्न उरतो तो असा, की अशा प्रसंगी "एवढे काम झाल्याशिवाय पाणी अडवता येणार नाही" असे म्हणण्याची ताकद कोणत्या अभियंत्यापाशी असते? नोकर म्हणून तो वरिष्ठांच्या आज्ञेला बांधलेला असतो. त्याने नकार दिला तर ती अवज्ञा ठरते. त्याच जागी ज्याचे नाव पटावर आहे असा अभियंता असेल, तर त्याचा नकार अवज्ञा राहत नाही. तो त्याच्या सनदेची अट पाळणे ठरतो. "मी सही केली तर माझी सनद जाईल" हे वाक्य वरिष्ठालाही समजते, मंत्र्यालाही समजते. डॉक्टराला खोटे प्रमाणपत्र देण्याचा आग्रह झाला तर तो जे बोलतो, नेमके तेच बोलण्याची सोय अभियंत्याला आपण करून दिलेली नाही. कर्तव्याची अपेक्षा मात्र तितकीच करतो.

याला आक्षेप नाहीत असे नाही, आणि ते हलकेही नाहीत. पहिला असा, की अमेरिकेतसुद्धा बहुतेक राज्यांत कारखान्यात नोकरी करणाऱ्या अभियंत्याला या कायद्यातून सूट आहे; लोकांना थेट सेवा देणाऱ्यालाच परवाना लागतो. कारखाना आपल्या नोकराच्या चुकीचे उत्तरदायित्व स्वतः घेतो, तेव्हा निराळा पट नको, असा त्यामागचा युक्तिवाद. तो कारखान्याच्या मालाबाबत पटतो. पण कुंपणाच्या आत जे कंत्राटी मजूर, अग्निशमन दलाचे जवान आणि देखभालीचे कामगार वावरतात त्यांच्या दृष्टीने अभियंत्याचा निर्णय हाच थेट जीवनमरणाचा निर्णय असतो. त्यांनी त्याला निवडलेले नसते, त्याचा हुद्दाही कित्येकदा त्यांना ठाऊक नसतो.

दुसरा आक्षेप आपल्या देशाला अधिक लागू पडणारा आहे. नोंदणी म्हणजे आणखी एक कचेरी, आणखी एक शुल्क, आणखी एक शिक्का. आणि तिच्या आडून पदवीधरांचा एक वर्ग हाताने शिकलेल्या उस्तादांना दाराबाहेर ठेवील, ही भीती निराधार नाही. पोलादाच्या कारखान्यात भट्टीच्या ज्वाळेचा रंग पाहून आतले तापमान सांगणारे जुने फोरमन असत, आणि त्यांच्यापुढे नवा पदवीधर अदबीने उभा राही. यावर इंग्लंडने काढलेली तोड विचार करण्यासारखी आहे. तेथील अभियांत्रिकी परिषदेच्या पटावर सनदी अभियंता एकटा नाही. तंत्रज्ञासाठीही त्याच पटावर मानाची स्वतंत्र जागा आहे, आणि अनुभव दाखवून एका जागेवरून दुसरीकडे जाता येते. आपल्याकडेही 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' या संस्थेने ए. एम. आय. ई. परीक्षेच्या द्वारे दीर्घकाळ असेच एक दार उघडे ठेवले होते. पदविकाधारक, आरेखक, पर्यवेक्षक दिवसा पाळी करून रात्री अभ्यास करीत आणि पदवीच्या तोडीची पात्रता मिळवीत. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी ती समकक्षता बंद झाली, आणि कारखानदारीच्या गावांतील एका मेहनती वर्गाचा जिना काढून घेतला गेला. नव्या पटाने तो परत लावला नाही, तर पट अपुरा राहील.

ही संस्था १९२० साली स्थापन झाली आणि १९३५ मध्ये तिला राजाची सनद मिळाली. तिचे सभासद सनदी अभियंता हे बिरुद लावू शकतात. परंतु हे बिरुद नसले तरी कोणाचे काही अडत नाही, आणि ते गेले तरी काम करण्यास आडकाठी येत नाही. तेव्हा त्या सनदेत मान आहे, धार नाही. भूजच्या २००१ मधील भूकंपाने घरे पत्त्यांच्या बंगल्यांसारखी कोसळल्यावर गुजरातने २००६ मध्ये स्थापत्य अभियंत्यांपुरता स्वतंत्र कायदा केला. येथेही कायद्याच्या आधी मृत्यूच आले, हे लक्षात येईल.

भिलाईपुरता हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा निकडीचा झाला आहे. पूर्वी कारखाना एकच होता आणि त्याची पत सर्वांना पुरत असे. आज रायपूरजवळच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत स्पंज लोखंडाचे आणि पोलादाचे लहानमोठे खाजगी कारखाने दाटीने उभे आहेत. भिलाईहून निवृत्त झालेला अनुभवी अभियंता अशा ठिकाणी सल्लागार म्हणून गेला, की त्याचा हुद्दा मागेच राहिलेला असतो. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर अनुभवशून्य पण वाक्पटू असा दुसरा सल्लागार बसलेला असेल, तर या दोघांतील फरक लहान कारखानदाराने कशावरून ओळखावा? दोघांपाशी पदवी आहे, दोघांपाशी छापील ओळखपत्र आहे. पट असता तर चार मिनिटांत उलगडा झाला असता. आणि निवृत्तीच्या दिवशी अभियंत्याला आपली सारी ओळख कारखान्याच्या फाटकाशी ठेवून यावी लागली नसती.

शास्त्रज्ञांची स्थिती तर याहूनही संदिग्ध आहे. रुळाचेच उदाहरण घ्यावे. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन वायूचा अंश विरघळलेला असतो. तो प्रमाणाबाहेर राहिला, तर पोलाद निवताना आतल्या आत केसासारख्या बारीक भेगा पडतात. बाहेरून रूळ चकचकीत दिसतो. पुढे वर्षानुवर्षे चाकांचे घाव बसून ती भेग वाढते आणि एखाद्या थंडीच्या पहाटे रूळ तुटतो. म्हणून घाण्यातील हायड्रोजनचे प्रमाण प्रयोगशाळेत मोजून मर्यादेत असल्याचे पाहतात, आणि रूळ कारखान्याबाहेर जाण्यापूर्वी स्वतंत्र निरीक्षकही त्याची कसोटी घेतात. तो आकडा लिहिणाऱ्या रसायनज्ञाच्या सहीवर लक्षावधी प्रवासी झोप घेत असतात. किरणोत्सर्गी द्रव्ये असलेली मोजमापाची साधने कारखान्यात वापरायची तर त्यांच्या सुरक्षेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेला अधिकारी लागतो; रुग्णालयातील प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी २०२१ च्या कायद्याने नोंदणीची तरतूद केली. पोलादाच्या प्रयोगशाळेतील रसायनज्ञाला आणि धातुशास्त्रज्ञाला यांपैकी काहीच लागू नाही. प्रयोगशाळेला मान्यता मिळते, यंत्राचे अंशांकन होते, काट्याचीही तपासणी होते. ज्याने वाचून आकडा लिहिला त्या माणसाचीच काय ती नोंद कोठे नसते. इंग्लंडात शास्त्रज्ञांसाठी सनदी शास्त्रज्ञ हे बिरुद २००४ पासून दिले जाऊ लागले, आणि ते टिकवण्यासाठी दरवर्षी आपण नवे काय शिकलो हे नोंदवून ठेवावे लागते.

भारतात अभियंत्यांसाठी कायदा करण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. २०२५ मध्ये व्यावसायिक अभियंत्यांच्या नोंदणीसाठी राष्ट्रीय परिषद स्थापण्याच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. मसुदा म्हणजे कायदा नव्हे, आणि त्याचा कायदा झाला तरी भट्टीवरील नोकरदार अभियंता त्यात कितपत येईल, पदविकाधारकाला कोणती पायरी मिळेल, हे त्याच्या नियमांवर अवलंबून राहील. हायड्रोजनचा आकडा लिहिणाऱ्या रसायनज्ञाचे नाव मात्र अभियंत्यांच्या त्या पटावरही येणार नाही. त्याच्यासाठी निराळी वही उघडावी लागेल.